राणी कोणी सोडवली? दंतकथेत शिव्हलरी कुठे शिरली ते कसं शोधावं

महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणून त्याला दोषातून सोडवलं. ब्रिटनच्या दंतकथेतला राजा आर्थर याच्या कथा वाचतानाही हीच नजर ठेवा: नंतरच्या कवीने काय बदललं? शिव्हलरी, म्हणजे शूर सरदाराने प्रेमिकेसाठी मान-अपमान न बघता झिजण्याचा आदर्श, तिथेच शिरलेली सापडते.

सगळा आर्थर एकदम घेऊ नका. एकच घटना निवडा: आर्थरची राणी ग्विनेव्हिअर हिचं अपहरण. पहिला पाठ, म्हणजे कथेचं पहिलं रूप, १२व्या शतकात कॅराडॉकने लॅटिनमध्ये लिहिलेल्या संत गिल्डासच्या चरित्रातला, अगदी छोटा. दुसरा क्रेतिएँ द त्र्वा याचं ११८०च्या आसपासचं फ्रेंच काव्य, 'लान्सलॉट'. त्याच्या सात हजारांवर ओळी आहेत, पण आधी पहिल्या ४०० वाचा. बोरिवली ते चर्चगेट एका फेरीत दोन्ही होतात.

मग वहीत चार रकाने आखा: कोण पळवतं, कोण सोडवतं, कशासाठी, आणि तंटा कसा मिटतो.

चरित्रात राजा मेल्वास राणीला ग्लास्टनबरीला नेतो, जिथे मठ आहे. आर्थर स्वतः फौज घेऊन येतो, मठाधिपती आणि गिल्डास मध्यस्थी करतात, राणी परत मिळते आणि मठाला जमिनी. क्रेतिएँकडे मेलेआगाँ राणीला नेतो आणि आर्थर मागे पडतो. आर्थरचा सरदार आणि राणीचा प्रेमिक लान्सलॉट तिच्या शोधात निघतो. वाटेत गुन्हेगारांची धिंड काढायची गाडी लागते. तीत बसावं का, म्हणून तो फक्त दोन पावलं थबकतो; सुटकेनंतर राणी त्याच दोन पावलांसाठी त्याच्यावर रुसते. जुन्या पाठात या रुसव्याला जागाच नाही. तिसऱ्या रकान्यात इथे ठळक खूण करा: राजांचा तंटा होता, त्याची प्रेमिकाची परीक्षा झाली.

क्रेतिएँची प्रस्तावना मात्र गाळू नका. कथावस्तू आणि आशय फ्रान्समधल्या शँपेन प्रांताच्या काउंटेस मारीने दिला, असं तो तिथे सांगतो. दरबाराची आवड कथेत कशी उतरते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, हस्तलिखिताचं वय म्हणजेच कथेचं वय असं धरणं. वेल्श 'कुलहुख आणि ओल्वेन'ची हस्तलिखितं १४व्या शतकातली आहेत, कथा मात्र क्रेतिएँच्या आधीची मानतात. त्यातला 'काय' नावाचा आर्थरचा सरदार नऊ दिवस-रात्री पाण्याखाली श्वास रोखतो; फ्रेंच काव्यात तोच 'के' नावाचा तोंडाळ कारभारी होतो. दुसरी चूक, जुना पाठ निर्हेतुक समजणं. चरित्रातल्या त्या जमिनी विसरू नका, तिथे मठाचा फायदा आहे.

तक्ता वाढवायचा असेल तर इटालियन कवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या 'इन्फर्नो' या भागाचा पाचवा सर्ग जोडा: तिथे फ्रांचेस्का आणि पाओलो लान्सलॉटची कथा वाचता वाचता प्रेमात पडतात. 'डिव्हाइन कॉमेडी'चं एक जुनं हस्तलिखित आपल्या फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.