विमानाचे रेडियल इंजिन मोटारीत बसवायचे असेल तर

आधी बोगमाळोला जा. वास्कोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे विमान उभे आहे. एअर इंडिया, मग वायुदल आणि शेवटी नौदल असा त्याचा प्रवास झाला. त्याला राइट आर-3350 जातीची चार इंजिने होती. प्रत्येकात 18 सिलिंडर आणि क्षमता सुमारे 55 लिटर. चाकाच्या आऱ्यांसारखे क्रँकशाफ्ट या मधल्या फिरत्या दांड्याभोवती बसवलेले सिलिंडर (हीच रेडियल मांडणी) पाहिले की जुन्या गाड्यांच्या शौकिनाला वाटतेच, यातले एखादे धाकटे भावंड आपल्या जीपमध्ये बसेल का? बसते, आणि गाडी चालतेही. पण पैसे घालण्यापूर्वी पुढचा हिशेब कागदावर करा.

मापापासून सुरुवात करा. प्रॅट अँड व्हिटनीचे वास्प ज्युनियर घेऊ: 9 सिलिंडर, 16 लिटर, 450 अश्वशक्ती. त्याचा व्यास सव्वा मीटरच्या आत-बाहेर, वजन 300 किलोच्या आसपास. बॉनेटमध्ये उभे बसवले तर चालवणाऱ्याला रस्ता दिसणे कठीण. 1935 च्या मोनॅको-ट्रोसी या शर्यतीच्या गाडीत 16 सिलिंडरचे रेडियल पुढे बसवले होते. सगळा भार नाकावर आल्यामुळे ती गाडी वळणांवर आवरेना आणि शर्यतीत कधी उतरलीच नाही. म्हणून इंजिन मागे किंवा मधोमध ठेवण्याची जागा शोधा.

मग गिअरबॉक्स. हे इंजिन मिनिटाला जेमतेम 2,300 फेऱ्या घेते, पण त्या वेळी सुमारे 1,400 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. जीपच्या गिअरबॉक्सला ते झेपणार नाही, ट्रकचा लागेल. विमानात प्रोपेलरच फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाचे, काम करतो. तो काढला की जड फ्लायव्हील आणि दणकट क्लच स्वतंत्रपणे बसवावे लागतात.

प्रोपेलरबरोबर थंड हवाही जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक शर्मन रणगाड्यांत काँटिनेंटल आर-975 हे रेडियलच होते. तिथे इंजिनाला मोठा पंखा जोडलेला असे. तुम्हालाही पंखा आणि हवा प्रत्येक सिलिंडरच्या पाठीमागपर्यंत नेणारे पत्रे लागतील. एप्रिलच्या दुपारी पर्वरीच्या कोंडीत गाडी थांबली की पंखा हाच एकमेव आधार असतो.

सर्वात जास्त काळजी तेलाची घ्या. इंजिन बंद पडून राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही. तशात स्टार्टर मारला तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वैमानिक म्हणूनच आधी प्रोपेलर हाताने फिरवून बघतात. तुमच्याकडे प्रोपेलर नसेल, तेव्हा फ्लायव्हील फिरवायला लोखंडी दांड्याची सोय सुरुवातीलाच करा. मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारे यंत्र) बंद ठेवून क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या द्या. कुठे अडकले तर अजिबात जोर करू नका. खालचे स्पार्क प्लग काढा, तेल गळू द्या आणि पुन्हा फिरवा. आपल्याकडे जूनपासून चवथीपर्यंत गाडी झाकून ठेवायची सवय असते. दमट, खारट हवेत सिलिंडरच्या पोलादी भिंती गंजतात. पावसाळ्यात ठेवून द्यायचे असेल तर प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावा.

इंधनाचे थोडक्यात सांगतो: उड्डाणात वास्प ज्युनियर ताशी 80 लिटरच्या पुढे पिते. रस्त्यावर कमी लागेल, पण रोजच्या वापराचा विचार सोडा.

मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाचा. नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आरटीओत विचारण्याआधी एकही बोल्ट सोडवू नका.

माझे मत विचाराल तर पहिले इंजिन लहान घ्या. ऑस्ट्रेलियातले रोटेक आर-2800 सात सिलिंडरचे, 2.8 लिटरचे, 110 अश्वशक्तीचे आहे. ते प्रथम गाडीत नव्हे, भक्कम लोखंडी स्टँडवर बसवा. पंखा जोडून चालवा आणि प्रत्येक सिलिंडरच्या माथ्याचे तापमान वेगळे मोजा. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा चढत असेल तर पत्र्यांची रचना बदला. सगळे आकडे जुळेपर्यंत चासीला हात लावू नका.