पाणमांजराचे चित्र: काठावरून कागदापर्यंत

पाणमांजराच्या संवर्धनाला आपल्या चित्राचा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर सुरुवात काठावरूनच करावी. प्राणी दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात: खडकावरची खवले आणि काटे मिसळलेली विष्ठा, ओल्या चिखलातले पाच बोटांचे ठसे. अशा जागेपासून बऱ्याच अंतरावर, वारा प्राण्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला दुर्बीण घेऊन बसावे. बिळाजवळ मुळीच जाऊ नये. चित्रासाठी पिल्लांची झोपमोड करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पहिल्या रेखाटनात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकच वाहती रेघ पकडावी. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या भागात असल्यामुळे पोहताना बहुधा चपटे डोके तेवढे पाण्याबाहेर राहते. खरी परीक्षा केसांची असते. वरचे राठ केस पाण्याबाहेर येताच एकमेकांना चिकटून त्यांचे टोकदार झुबके होतात, तर खालची दाट लव हवा धरून ठेवते. समुद्री पाणमांजराच्या अंगावर एका चौरस सेंटीमीटरात १ लाखाहून अधिक केस असू शकतात, तेव्हा एकेक केस रंगवण्याच्या भरीस पडू नये. जलरंगात आधी ओल्या कागदावर तपकिरी छटा पसरू द्यावी. ती सुकल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने झुबक्यांच्या कडा ओढाव्यात आणि चकाकीपुरता कागद कोरा राखावा.

दक्षिण अमेरिकेतील महाकाय पाणमांजराच्या गळ्यावरचे फिकट ठिपके प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात व संशोधक त्यांवरूनच प्राणी ओळखतात. त्यामुळे ते अंदाजाने रंगवू नयेत. प्रामाणिक रेखाटनाच्या कडेला तारीख आणि वेळ असली, की ती नोंदच ठरते.

विषय निवडताना मात्र कठोर राहावे. पाळीव प्राणी म्हणून वाढलेली मागणी हेही एक कारण होते, ज्यामुळे आशियातील दोन जातींना २०१९ साली सायटीस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे त्याच्या सर्वांत कडक यादीत, घालून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. म्हणून माणसाच्या मांडीवरचे गोंडस पाणमांजर, कितीही खपणारे असले तरी, काढू नये. चित्रातल्या पाणमांजराभोवती लव्हाळे, खडक, मासे, अगदी मासेमारीची जाळीही दाखवावी.

प्रदर्शनासाठी मे महिन्यातील शेवटचा बुधवार, म्हणजे जागतिक पाणमांजर दिन, सोयीचा आहे. चित्राखाली जात लिहावी, बिळाचे नेमके ठिकाण लिहू नये, आणि विक्रीतील किती वाटा कोणत्या कामाला जाणार हे किमतीशेजारीच स्पष्ट नमूद करावे.