१८७१ च्या रग्बी प्लेअरचं आयुष्य कसं शोधून काढायचं

पहिलं म्हणजे मॅचपासून सुरुवात करू नका. पहिली इंटरनॅशनल २७ मार्च १८७१ ला एडिंबराच्या रेबर्न प्लेसवर झाली, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, एकेका बाजूला २०-२० जण, आणि तेव्हाच्या रिपोर्टमधे बहुतेकांची आद्याक्षरं नि आडनाव एवढंच, त्यावरून माणूस कसा ओळखणार?

शाळा पकडा. तेव्हा हा गेम मुख्यतः पब्लिक स्कूल (नावाला पब्लिक, पण असतात महागड्या खासगी शाळा) आणि अकॅडमीतून आलेल्या पोरांचा, आणि अशा बऱ्याच शाळांनी जुन्या विद्यार्थ्यांची रजिस्टरं छापलीत, त्यात जन्म, वडलांचं नाव, पुढे काय केलं असं सगळं दोन ओळीत मिळून जातं. इंटरनेट अर्काइव्हवर कितीतरी फुकट आहेत.

मग जनगणना, आणि इथे तर नशीबच लागलंय, कारण १८७१ ची जनगणना २ एप्रिलला झाली, म्हणजे मॅचनंतर फक्त सहा दिवसांनी! प्लेअर त्या रात्री कुठल्या घरात होता, घरात अजून कोण, कामधंदा काय, सगळं दिसतं. स्कॉटिश असेल तर स्कॉटलंड्सपीपल ही साइट बघा (पानाची इमेज बघायला पैसे पडतात), इंग्लिश असेल तर जन्म, लग्न, मृत्यूच्या इंडेक्ससाठी फ्रीबीएमडी ही साइट. आयरिश प्लेअर असेल तर मात्र डोक्याला ताप, १८८१ आणि १८९१ ची जनगणना नष्टच झालीय, थेट १९०१ वर उडी मारावी लागते.

मधेच माणूस गायब झाला तर मेला असं धरू नका, परदेशात शोधा. हॅमर्सलीचंच बघा ना, १८७१ ला इंग्लंडकडून खेळला, १८७४ ला कॅप्टन, मग न्यूझीलंडला वकिली, तिथून व्हँकुव्हर, आणि परत येऊन १९१० ला थेट खासदार. न्यूझीलंडचे जुने पेपर ‘पेपर्स पास्ट’ या साइटवर फुकट वाचता येतात.

स्कोअर वाचताना सांभाळून. स्कॉटलंड जिंकलं ते १ गोल १ ट्राय विरुद्ध १ ट्राय असं, ट्रायला (म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवण्याला) तेव्हा पॉइंटच नव्हता, फक्त गोलवर किक मारायचा चान्स मिळायचा, त्यामुळे कुठे पॉइंट दिसले तर ते नंतर कुणीतरी घुसडलेत.

शेवटी इंग्लंडचं प्रोबेट कॅलेंडर (मेलेल्यांच्या मृत्युपत्रं-वारसाच्या कोर्ट नोंदींची वर्षावार यादी), १८५८ पासूनचं आहे, त्यात मृत्यूची तारीख, पत्ता आणि मागे किती पैसा ठेवला तेही. फक्त वडलांचं नाव जुळल्याशिवाय नोंद आपल्या माणसाची समजू नका, एकाच नावाचे चुलतभाऊ फार असतात.