अडचणीच्या वर्षी नाताळ कसा करावा

घरात आजारपण, कर्ज किंवा दुखवटा असेल तर रोषणाई खुशाल सोडा. प्रार्थना सोडू नका, फक्त छोटी करा. थकलेल्या मनाला तासभराचा नेम झेपत नाही, तो दोन-चार दिवसांत मोडतो.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात 80 वचने आहेत. 17 डिसेंबरपासून रोज 10 वाचली की 24 तारखेला, मध्यरात्रीच्या मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी), अध्याय पुरा होतो. मोठ्याने वाचा. याजक जखऱ्याची वाचा जाते, येशूची आई मरीया घाबरते, जखऱ्याच्या बायकोला, अलीशिबेला, मूल नसल्याचे बोल लागलेले. सगळी आपल्यासारखीच भांबावलेली माणसे! देवावर रागच येत असेल तर बायबलमधले स्तोत्र 13 घ्या. अवघी 6 वचने, आणि सुरुवातच तक्रारीने.

नाताळच्या देखाव्यातल्या, येशूजन्माच्या गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी 12-13 तारखेला पेरा: दाणे रात्रभर भिजवून बशीतल्या बोटभर मातीवर पसरायचे. पाणी शिंपडा, ओतू नका. साचले की मुळे कुजतात.

गोव्यात दुखवट्याच्या घरी गोडधोड करत नाहीत, शेजारी पाठवतात. संकोच न करता घ्या. तुम्ही देणारे असाल तर नेवऱ्या-दोदोल (नाताळची गोडे) दारातून देऊन पळू नका, थोडे बसा. पापनिवेदन (पाद्रींपुढे पापांची कबुली) मात्र आधीच्या आठवड्यात उरका. 24 ला पाद्रींना निवांत बोलायला वेळ नसतो.