एकदा पिल्लं की थेट नसबंदी? घरातल्या छोट्या कुत्र्याबाबत कसं ठरवावं

आमच्या बर्फीबाबत आम्ही काहीच ठरवलं नाही, म्हणून गल्लीतल्या एका काळ्या कुत्र्यानं ठरवलं. बर्फी म्हणजे पाच किलोची स्पिट्झ. नागपुरात तिला सगळे पामेरियनच म्हणतात, आणि दुरुस्त करत कोण बसतं? आठव्या महिन्यात ती पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर, आली. आई म्हणाली, "होऊ दे न बाई एकदा पिल्लं, मग कर काय करायचं ते." शेजारच्या काकूंचंही तेच. आम्ही आज-उद्या करत राहिलो. एप्रिलच्या सुरुवातीला कूलरच्या ताट्या बदलायला माणूस आला, फाटक उघडं राहिलं, आणि जून उजाडता उजाडता मध्यरात्री सिझेरियन करून एकच एक पिल्लू बाहेर आलं. दोघंही वाचली. पण दवाखान्याच्या बाकावर बसून जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली पायरी: वही काढा, तारखा लिहा

छोट्या जातींच्या माद्या साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा हीटवर येतात. मागची जागा सुजते, फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात, ती स्वतःला सारखी चाटते. हे सगळं दोन-तीन आठवडे चालतं. यातलं एक गणित नीट समजून घ्या. पहिले आठ-नऊ दिवस रक्त गडद असतं, बाहेर नर ताटकळत बसतात, पण ती कुणाला जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकट होतं, कमी होतं. आपल्याला वाटतं, संपलं एकदाचं! खरं तर गर्भ राहण्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. आमचं फाटक बाराव्या दिवशी उघडं राहिलं होतं.

पुढची हीट साधारण सहा-सात महिन्यांनी येते. तारीख वहीत असेल तर डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे तयार असतात.

आणि अपघात झालाच तर? जोडी अडकलेली दिसली की ओढून सोडवू नका, काठी मारू नका, पाणी ओतू नका. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ती तशीच राहतात आणि आपोआप सुटतात. ओढलं तर दोघांनाही इजा होते. त्यानंतर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा. "एक इंजेक्शन मारलं की साफ होतं" असं सांगणारे बरेच भेटतील. इस्ट्रोजेनच्या त्या जुन्या इंजेक्शनांमुळे गर्भाशयात पू होऊ शकतो आणि अस्थिमज्जेलाही धोका असतो. पुढे पिल्लं नकोच असतील तर गर्भ लहान असतानाच नसबंदी करता येते का, हे विचारा. हीट टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांपासूनही लांब राहा. त्यांनीही गर्भाशयात पू आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो.

दुसरी पायरी: 'एकदा तरी होऊ दे' याचा हिशेब मांडा

एकदा पिल्लं झाल्यानं मादीची तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, तिचं आयुष्य पूर्ण होतं, या सगळ्या माणसांच्या कल्पना. वैद्यकीयदृष्ट्या तिला त्याचा फायदा नाही. उलट प्रत्येक हीटगणिक स्तनाच्या गाठींचा धोका वाढत जातो. पहिल्या हीटच्या आधी नसबंदी झाली तर तो सगळ्यात कमी असतो. तीन-चार हीट होऊन गेल्या की या बाबतीत ऑपरेशनचा उपयोग बराच ओसरतो.

दुसरा धोका गर्भाशयात पू होण्याचा. हीट संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी, बहुतेक वेळा मध्यम वयाच्या किंवा म्हाताऱ्या मादीत, हा आजार गाठतो. ती पाणी फार पिते, जेवत नाही, उलट्या करते, सुस्त पडते. मागून पू येत असेल तर निदान लक्षात तरी येतं. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर काहीच दिसत नाही आणि ते जास्त घातक असतं. अशा वेळी तापानं फणफणलेल्या, आतून विष भिनलेल्या जनावराचं तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. तेच ऑपरेशन तरुण, निरोगी असताना कितीतरी सोपं असतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली की लोक नंतर डॉक्टरांना दोष देतात. नसबंदीनंतर वजन वाढतं. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी ठिबकण्याचा त्रास होतो, मोठ्या जातींत जास्त. स्पिट्झसारख्या केसाळ कुत्र्यांचे केस कधी कधी लोकरीसारखे होतात. भुलीचा थोडा धोका असतोच. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांत हाडं पूर्ण वाढेपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकून छोट्या कुत्र्याचे मालकही थांबतात. छोट्या जातींसाठी सहा महिन्यांच्या आसपासचं वय सहसा योग्य मानलं जातं.

तिसरी पायरी: पिल्लं हवीच असतील तर आधी तिची परीक्षा

चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन-चार उड्या मारते आणि पुन्हा नीट चालते? घरात सगळ्यांना हे गोड वाटतं, आम्ही तर त्याचे व्हिडिओ काढायचो. बहुतेकदा ती गुडघ्याची वाटी सरकत असते, आणि हा दोष पिल्लांत उतरतो. उत्तेजित झाली की बदकासारखा आवाज काढत खोकते? श्वासनलिका कमकुवत असू शकते. दुधाचे दात पडले नाहीत, चावते, घाबरट आहे, हेही वहीत लिहा. पग किंवा शित्झूला एरवीच श्वास पुरत नाही. पिल्लांचं मोठं डोकं आणि आईची लहान कंबर यामुळे अशा कुत्र्यांत सिझेरियनची वेळ वारंवार येते.

नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का ते पाहा. सहा महिन्यांपर्यंत एक जरी आत राहिला असेल तर त्याच्यापासून पिल्लं घेऊच नका. दोष आनुवंशिक आहे, आणि आत राहिलेल्या अंडकोषात कर्करोगाची शक्यता जास्त, म्हणून अशा नराची नसबंदी तर करायलाच हवी.

यातली एक गोष्ट जरी लागू झाली तर पिल्लांचा विषय इथेच मिटवा, असं माझं मत. "तसा त्रास काही नाही तिला" हे उत्तर तिच्यापुरतं ठीक आहे, पिल्लांसाठी नाही.

चौथी पायरी: घरं मोजा, नावानिशी

कागदावर पिल्लू नेणाऱ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकाला समोरासमोर विचारा. आमच्याकडे तोंडी यादी नऊ जणांची होती. "ठेव भाऊ एक माझ्यासाठी" म्हणणाऱ्यांपैकी पिल्लू खरंच झाल्यावर एकही आला नाही. एकाच्या बायकोला दमा निघाला, एकाच्या फ्लॅटमध्ये सोसायटी ऐकेना. एकच पिल्लू होतं म्हणून निभावलं, ते आमच्याकडेच राहिलं.

पिल्लं विकायचा विचार असेल तर कायदा पाहा. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी दीड वर्षाच्या आत किंवा आठ वर्षांनंतर वापरता येत नाही, वर्षात एकदाच आणि आयुष्यात फार तर पाच वेळा तिला पिल्लं होऊ देता येतात, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाळीव कुत्र्याच्या पैदाशीवरचं नियंत्रण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही आहे.

पाचवी पायरी: नागपूरचं कॅलेंडर पुढ्यात घ्या

गर्भाचे दिवस साधारण ६३. २२ मार्चला भेट घडवली तर २४ मेला दिवस भरतात, आणि दुसऱ्या दिवशी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. पारा ४५ च्या पुढे, दुपारी वीज गेली की कूलर बंद, आणि पोटात पिल्लं घेऊन धापा टाकणारी केसाळ मादी. नवजात पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, त्यामुळे कूलरचा थेट झोतही नको आणि बंद खोलीतली भट्टीही नको. हिवाळ्याच्या तोंडावरच्या हीटवर भेट घडवली तर हे बरंच टळतं, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिल्लांना ऊब द्यावी लागते.

पिल्लं होऊ द्यायचं पक्कं असेल तर ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या. शेवटच्या आठवड्यात रोज तापमान घ्या. ते ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळं पाणी आलं असेल, तर वाट पाहू नका. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आधीच, दिवसा, फोन करून विचारून ठेवा. आम्ही ते रात्री एक वाजता शोधत होतो.

गर्भारपणात आपल्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. छोट्या माद्यांत पिल्लं पाजताना, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, रक्तातलं कॅल्शियम अचानक उतरतं. आधीपासून गोळ्या दिल्या तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला आळसावतं आणि धोका वाढतो. अंग थरथरणं, धाप, पाय ताठ होणं दिसलं तर पिल्लं बाजूला करून लगेच डॉक्टरांकडे.

सहावी पायरी: नसबंदी ठरली तर

हीटमध्ये ऑपरेशन सहसा करत नाहीत, तेव्हा रक्तस्राव जास्त होतो. हीट संपून दोन-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. म्हणजे पहिल्या हीटची वाट पाहिली की निर्णय लांबतोच. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेतच. कुठेही गेलात तरी आधी विचारा: रक्ततपासणी होणार का, भूल गॅसची की फक्त इंजेक्शनची, नंतर वेदनेचं औषध मिळणार का, खर्चात टाके आणि पुढची भेट धरली आहे का. उपाशी किती ठेवायचं तेही विचारा. मोठ्या कुत्र्याला रात्रभर चालतं, दीड-दोन किलोच्या जिवाला रक्तातली साखर उतरून भोवू शकतं.

नंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर राहू द्या. बिचारी दारं-खुर्च्यांना धडकते म्हणून दया येऊन काढली की त्याच रात्री टाके तुटतात. दिवाणावर उडी बंद, आंघोळ बंद.

नरांचं ऑपरेशन सोपं, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. भटकणं आणि घरात जागोजागी मुतणं बहुतेकदा कमी होतं, भीतीतून येणारं चावणं कमी होईलच असं नाही. आणि ऑपरेशननंतर महिना-दीड महिना त्याला हीटवरच्या मादीपासून लांबच ठेवा, कारण तेवढे दिवस गर्भ राहू शकतो.

बर्फीची नसबंदी पिल्लाचं दूध सुटल्यावर हिवाळ्यात केली. सहा महिन्यांत ती पाच किलोची सहा किलो झाली. डॉक्टरांनी खाणं पाव हिश्शानं कमी करायला सांगितलं होतं, ते आम्ही केलंही होतं. मग एका सकाळी दिसलं, आई चहात बुडवलेला टोस्ट तिला रोज देत होती.