मास्टरिंगसाठी सॅम्पल रेट कन्व्हर्टर कसा निवडावा

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) घेतली जातात तो आकडा. ९६ किलोहर्ट्झच्या सेशनमधून ४४.१ चं मास्टर, म्हणजे वितरणाची अंतिम फाइल, काढताना खरं काम एकच असतं: नव्या फाइलमध्ये न मावणारा वरचा भाग नीट कापून टाकणं. ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतच्याच फ्रीक्वेन्सी राहू शकतात. त्यावरचं काही आधी फिल्टरने काढलं नाही, तर ते नाहीसं होत नाही. खाली दुमडून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येऊन बसतं. ३० किलोहर्ट्झचा सूर ४४.१ वजा ३० असा १४.१ किलोहर्ट्झवर उमटतो. या सुराचं मूळ आवाजाच्या हार्मोनिक्सशी काही नातं नसतं, म्हणून सिंबल किंवा ‘स’चे उच्चार खरखरीत लागतात. हेच एलियसिंग.

कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे २० पर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि २२.०५ च्या पुढे सगळं शांत करायचं, यासाठी फिल्टरला जेमतेम दोन किलोहर्ट्झची जागा मिळते. कन्व्हर्टरची प्रत या जागेत ठरते. टूल निवडताना नावापेक्षा तीन गोष्टी बघा: वरचा भाग किती डेसिबल खाली जातो, २० किलोहर्ट्झपर्यंतची पातळी सरळ राहते का, आणि फाइलच्या लेव्हलचं व बिट्सचं टूल काय करतं. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि प्रत्यक्षात मास्टर बिघडतात ते बहुतेक तिथेच.

८८.२ वर रेकॉर्ड करावं का?

४४.१ हवं असेल तर ८८.२ वर रेकॉर्ड करा, नेमका अर्धा भागाकार होतो, हा सल्ला अजून दिला जातो. ९६ वरून ४४.१ चं गुणोत्तर ३२०:१४७ आहे आणि ४८ वरून १६०:१४७. आकडे अवघड दिसतात, पण आजच्या कन्व्हर्टरला त्यांचं काही वाटत नाही. फिल्टरची कसोटी दोन्हीकडे तीच: २० ते २२.०५ च्या मधला उतार. रेकॉर्डिंगचा रेट बाकीच्या कामाच्या सोयीने ठरवा. व्हिडिओसाठी काम असेल तर ४८ किंवा ९६ बरे.

उलट दिशेने, ४४.१ चं ९६ करून नवं काही मिळत नाही. वरचा भाग रिकामाच राहतो आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार फ्रीक्वेन्सी दाखवणारं चित्र) उघडणाऱ्या कुणालाही तो दिसतो. हाय-रेझोल्यूशन म्हणून अशी फाइल देऊ नका. वितरक मूळ रेट स्वीकारत असेल तर कन्व्हर्जन करूच नका, मूळ फाइल द्या.

हाताशी असलेली टूल्स

सॉक्स हे कमांड लाइनवरचं मोफत टूल मास्टरिंगच्या कामाला पुरून उरतं. त्यातल्या ‘रेट’ इफेक्टला एम, एच, व्ही असे दर्जाचे पर्याय आहेत. मास्टरसाठी व्ही घ्या. त्यात वरचा भाग १७५ डेसिबल खाली जातो, एचमध्ये १२५. बँडविड्थ मुळात ९५ टक्के असते, म्हणजे ४४.१ ला सुमारे २०.९ किलोहर्ट्झ, एस पर्याय दिला की ती ९९ टक्के होते. ९५ पुरतात. उतार आणखी तीव्र केला की फिल्टरचं रिंगिंग, म्हणजे ठोक्याभोवती उमटणारी थरथर, लांबतं, आणि त्या बदल्यात ऐकू येण्यासारखं काही पदरात पडत नाही.

सॉक्सच्या दोन सवयी माहीत असू द्या. एक, बिट कमी होत असतील तर तो स्वतःहून डिदर (बिट छाटल्याने येणारी विकृती झाकणारा बारीक नॉइज) घालतो. पुढे दुसरीकडे डिदर घालणार असाल तर कॅपिटल डी देऊन ते बंद करा किंवा बिट कमीच करू नका. दुसरी जास्त महाग पडते. आतला हिशेब तो ३२ बिट पूर्णांकात ठेवतो. त्यामुळे ३२ बिट फ्लोट फाइलमध्ये (ही दशांश आकड्यांत साठवते, म्हणून कमाल पातळीच्या वरचंही जपते) शून्य डेसिबलच्या वर गेलेले पीक असतील तर ते आत शिरतानाच कापले जातात. कॅपिटल जी हा क्लिपिंग टाळण्याचा पर्याय कन्व्हर्जनमुळे वाढणाऱ्या पीकसाठी आहे, आधीच शून्यापलीकडे असलेल्यांसाठी नाही. अशा फाइलची लेव्हल सॉक्सला देण्याआधी डीएडब्ल्यूमध्येच (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) खाली आणा.

एफएफएमपेग बॅच कामाला सोयीचं आहे, पण त्याच्या डिफॉल्ट रिसॅम्पलरवर मास्टर सोपवू नका. त्यात सॉक्सआर (सॉक्सचंच रिसॅम्पलिंग) इंजिन निवडता येतं आणि प्रिसिजन २८ ठेवली की दर्जा सॉक्सच्या व्हीच्या तोडीचा होतो. तुमच्याकडची प्रत सॉक्सआरसह बांधलेली हवी. नसेल तर कमांड त्रुटीचा संदेश देऊन थांबते. आणि १६ बिटला उतरताना एफएफएमपेग न सांगता डिदर घालत नाही. सॉक्सच्या अगदी उलट. दोन्ही वापरणाऱ्यांची गल्लत होते ती इथेच.

ऑडॅसिटी हे मोफत ऑडिओ एडिटर रिसॅम्पलिंगसाठी सॉक्सआरच वापरतं. रीपरमध्ये व्हॉक्सेंगोचं आर-एट-ब्रेन इंजिन रेंडरसाठी निवडता येतं आणि ते उत्तम आहे. मात्र रीपरमध्ये वाजवतानाचा दर्जा आणि रेंडरचा दर्जा या वेगळ्या सेटिंग्ज आहेत. रेंडरची खिडकी उघडून तिथलं रिसॅम्पल मोड बघा. प्रो टूल्समध्ये इम्पोर्ट करताना कन्व्हर्जनचा दर्जा ‘ट्वीक हेड’वर ठेवा. आयझोटोप आरएक्सच्या रिसॅम्पलमध्ये फिल्टरचा उतार, कटऑफ आणि प्री-रिंगिंग हे तिन्ही हाताने फिरवता येतात. शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण प्रत्येक स्लायडरचा परिणाम आलेखावर लगेच दिसतो. वाइसचं साराकॉन हे खास मास्टरिंग स्टुडिओंसाठीचं सॉफ्टवेअर आहे. पैसे मोजून टूल घ्यायला हरकत नाही, पण ते घेतलं म्हणून पुढची चाचणी टाळू नका.

लिनियर फेज की मिनिमम फेज, यावर वाद पुष्कळ झडतात. लिनियर फेजमध्ये रिंगिंग ठोक्याच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे असतं. मिनिमम फेजमध्ये सगळं नंतर, पण कटऑफच्या जवळच्या फ्रीक्वेन्सी थोड्या उशिरा पोहोचतात. रिंगिंगची फ्रीक्वेन्सी कटऑफच्या आसपास, म्हणजे २१-२२ किलोहर्ट्झ असते, ऐकू येण्याच्या पलीकडे. ४४.१ च्या मास्टरसाठी लिनियर फेज घ्या आणि पुढे चला.

स्वतः चाचणी घ्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ऑडॅसिटी पुरतं. आधी प्रेफरन्सेसमधल्या क्वालिटीत डिदर ‘नन’ करा, नाहीतर स्पेक्ट्रोग्रामवर दिसणारा डिदरचा नॉइज तुम्ही कन्व्हर्टरच्या माथी माराल. प्रोजेक्ट रेट ९६,०००, फॉरमॅट ३२ बिट फ्लोट. जनरेटमधून चर्प (सलग चढत जाणारा सूर, म्हणजेच स्वीप) घ्या: साइन, लिनियर, २० पासून ४७,००० हर्ट्झपर्यंत, ॲम्प्लिट्यूड दोन्ही टोकांना ०.५, लांबी ३० सेकंद. ही फाइल ३२ बिट फ्लोट वेव्ह म्हणून काढा आणि तुमच्या प्रत्येक टूलने ४४.१ ला बदला, बाहेर काढतानाही फ्लोटच ठेवा.

आलेली फाइल उघडून ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये बदला. स्केल लिनियर, विंडो ब्लॅकमन-हॅरिस, साइज ४०९६, रेंज १२० डेसिबल, वरची मर्यादा २२,०५०. आता वाचा. एक सरळ रेघ खालून चढत जाते आणि साधारण चौदाव्या सेकंदाला वरच्या काठाशी संपते. तिथून तिसाव्या सेकंदापर्यंत पाटी कोरी हवी. चौदाव्या सेकंदानंतर वरच्या काठावरून दुसरी रेघ परत खाली उतरताना दिसली, तर ते एलियसिंग. फिल्टर नसलेल्या टूलमध्ये ही रेघ मूळ रेघेइतकीच ठळक असते, एकोणिसाव्या सेकंदाच्या जरा पुढे १४ किलोहर्ट्झवरून जाते, अठ्ठाविसाव्याच्या आसपास तळाला टेकते आणि पुन्हा वर वळते. रेघ फक्त वरच्या काठाजवळ, २० किलोहर्ट्झच्या वर थोडी वळून विरत असेल तर घाबरू नका. काही टूल्स फिल्टरचा उतार सौम्य ठेवण्यासाठी तेवढं एलियसिंग जाणूनबुजून चालवून घेतात आणि ते ऐकू येत नाही.

मुख्य रेघेभोवती फिकट आडव्या-तिरप्या रेघांची जाळी दिसली तर टूलचा हिशेब कमी अचूक आहे किंवा त्याने मधेच बिट छाटले आहेत. अशा टूलला मास्टरपासून लांब ठेवा.

मग वेव्हफॉर्मवर या. बाराव्या सेकंदाला स्वीप सुमारे १८.८ किलोहर्ट्झवर असतो. तिथली पातळी पहिल्या सेकंदांइतकीच, म्हणजे उणे ६ डेसिबल हवी. दशांश डेसिबलचा फरक चालेल. अर्धा डेसिबल किंवा जास्त पडत असेल तर फिल्टर फार लवकर कापायला लागतो आणि तुमच्या मिक्सची वरची हवा थोडी जाते.

कानाने तुलना करायची असेल तर ती आंधळी असू द्या. फूबार या प्लेअरच्या एबीएक्स कम्पॅरेटरमध्ये दोन्ही ४४.१ च्या फाइल्स घाला आणि आधी ऑडिओ डिव्हाइस ४४.१ वर एक्स्क्लूझिव्ह मोडमध्ये चालतंय याची खात्री करा. विंडोजच्या शेअर्ड मोडमध्ये सिस्टिम स्वतःच रेट बदलते आणि तुम्ही तिसराच कन्व्हर्टर ऐकत बसता.

क्रम आणि लेव्हल

इक्यू, कॉम्प्रेशन, सॅच्युरेशन मूळ रेटवर. मग कन्व्हर्जन, ३२ बिट फ्लोटमध्ये. त्यानंतर नव्या रेटवर लिमिटर (पीक ठरावीक पातळीवर रोखणारं टूल). सर्वांत शेवटी डिदर आणि १६ किंवा २४ बिट.

लिमिटर नंतर का? वरच्या फ्रीक्वेन्सी काढल्या की वेव्हफॉर्मचा आकार बदलतो. लिमिटरने सपाट केलेले पीक फिल्टरमधून जाताना पुन्हा वर येतात, शिवाय नव्या फाइलचे सॅम्पल वेगळ्या क्षणी पडतात आणि आधी दोन सॅम्पलच्या मध्ये लपलेली उंची आता उघडी पडते. ९६ वर उणे ०.१ डेसिबलला ठासून बसवलेलं मास्टर ४४.१ ला सहज शून्य ओलांडतं. फाइल पूर्णांकात असेल तर ते पीक कायमचे कापले जातात. जेवढं जोरदार लिमिटिंग, तेवढी ही उसळी मोठी.

बाहेरून लिमिट झालेली फाइलच हाती आली असेल आणि पुन्हा लिमिटर लावायची परवानगी नसेल, तर कन्व्हर्जनच्या आधी १ डेसिबल खाली आणा, बदला आणि ट्रू पीक मीटरने मोजा. उणे १ डेसिबल ट्रू पीक हे लक्ष्य ठेवलं तर पुढे एएसी किंवा एमपीथ्रीलाही जागा राहते. साध्या सॅम्पल पीक मीटरवर विसंबू नका, सॅम्पलच्या मधलं त्याला दिसत नाही.

डिदर एकदाच, अगदी शेवटी. साधं टीपीडीएफ (त्रिकोणी वितरणाचं डिदर) बहुतेक संगीताला पुरतं. नॉइज शेपिंग वापरलंत तर त्यानंतर त्या फाइलचा रेट किंवा लेव्हल बदलू नका, कारण कानाला कमी जाणवेल अशा बेताने वर ढकललेला नॉइज पुढच्या प्रक्रियेत वर-खाली होतो आणि नवे बिट छाटले की पुन्हा डिदर लागतं. १६ बिटची फाइल हाती असेल आणि रेट चुकलाय, तर तीच बदलत बसू नका. मागे जाऊन फ्लोटमधून नवी काढा.

फाइल पाठवण्याआधी

लांबी तपासा. कन्व्हर्जनने वेळ बदलत नाही. ९६ वर चार मिनिटांच्या ट्रॅकचे २,३०,४०,००० सॅम्पल असतात, ४४.१ ला १,०५,८४,००० व्हायला हवेत. चार मिनिटांची ४८ ची फाइल ४ मिनिटं २१ सेकंदांची झाली असेल आणि सूर सुमारे दीड सेमीटोन उतरला असेल, तर रेट बदललाच नाही, फक्त हेडरमधला आकडा बदललाय. डीएडब्ल्यूच्या इम्पोर्ट खिडकीत कन्व्हर्ट करण्याची खूण राहून गेली की हे होतं.

ट्रॅक एकमेकांत मिसळत असतील, लाइव्ह मैफल असेल किंवा न थांबणारा अल्बम असेल, तर ट्रॅक आधी तोडून एकेक बदलू नका. फिल्टरला कडेच्या सॅम्पलच्या आधीचा आणि नंतरचा ऑडिओ लागतो. तो मिळाला नाही की तिथे शांतता आहे असं तो धरतो आणि जोडावर बारीक टिचकी येते. सगळा अल्बम एका सलग फाइलमध्ये बदला आणि ४४.१ ला आल्यावर तोडा. सीडीसाठी असेल तर प्रत्येक तोड ५८८ सॅम्पलच्या पटीत ठेवा, कारण सीडीची एक फ्रेम सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे ५८८ सॅम्पल असते. पटीत नसलेल्या तुकड्याची शेवटची फ्रेम लिहिताना शून्यांनी भरली जाते आणि एवढी काळजी घेऊनही दोन गाण्यांच्या मध्ये खाच ऐकू येते.