गावकीच्या खोलीचा इतिहास नोंदवताना

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाच्या खोल्या होत्या. गिरणीत लागलेला गाववाला पहिली ट्रंक तिथेच टेकवायचा. अशा खोलीचा इतिहास लिहायचा तर आधी मंडळाची वर्गणीची वही मागा. नाव, वाडी, महिना तिथे सापडतो.

मुलाखतीत "कोणत्या साली आलात?" विचारू नका, साल हमखास चुकतं. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), १९७२चा दुष्काळ, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप, यांच्या आधी की नंतर, असं विचारा. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्याच.

रेकॉर्डिंग वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) फाइलमध्ये करा; रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. रेकॉर्डर तोंडापासून वीतभर, पंखा बंद. घरघर नंतर पुसायला गेलात तर मालवणीतले शब्दांचे शेवटही पुसले जातात, आणि बोलीच तर जपायची आहे.

मनीऑर्डरची कुपनं, म्हणजे गावी पाठवलेल्या पैशांसोबतची निरोपाची चिठ्ठी, सोन्यासारखी जपा. "भात लावणीला गडी घे" एवढ्या ओळीत शहर-गावाचं नातं दिसतं. ती लॅमिनेट करू नका, चिकटलेलं प्लास्टिक सुटत नाही. ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) टिफ (TIFF) फाइलमध्ये स्कॅन करा. फोटोमागे मऊ पेन्सिलीनेच, कडेला लिहा. रेकॉर्डिंग आणि स्कॅनच्या प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी.